उजवीकडचा खेळाडू

बुधवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी लिहिणार. कारण बाबा काल हॉस्पिटलमधून घरी आले आणि घरात एका तरी माणसाने डोकं शांत ठेवून नोंदी ठेवायला हव्यात. आई रडते. ताई तिच्या घरी असते आणि फक्त रविवारी येऊन सगळ्यांना झापते. उरलो मी.
परिस्थिती अशी: अर्धांगाचा झटका २० जानेवारीला. उजवा पाय ओढत चालतो, उजवा हात हलत नाही. बोलणं गेलं, एक शब्द उरला आहे, 'हो'. चहा हवा का? हो. नको का? हो. डॉक्टर म्हणाले की पहिले तीन महिने सोन्याचे, हाताचं जे काय व्हायचं ते त्यात. म्हणजे २० एप्रिल. वहीत लाल पेनने लिहून ठेवलं.
बाबा बोर्ड रंगवतात. या भागातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचं अक्षर आहे. तो हात यायलाच हवा.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी.
हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात गेलो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा. व्यायामवाल्या बाई ठेंगण्या आहेत, पण आवाज मोठा. मला म्हणाल्या, कोपर धरा, मी बोटं उघडते, तीस आकडे मोजायचे, मग शिकून घ्या आणि घरी दिवसातून चारदा करा. बाबा ओरडले. माणूस एवढा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि तेही 'हो, हो' असं. मी चारपर्यंत मोजलं. मग मला अचानक तहान लागली म्हणून बाहेर पॅसेजमध्ये पाणी प्यायला गेलो.
परत आलो तर बाई म्हणाल्या, काय हो, वडील आहेत की काचेचं भांडं? उघडली नाहीत बोटं तर मूठ वळेल, आणि एकदा वळली की मग ती उघडायची नाही.
बाईंची पद्धत जुनाट वाटते. दुखणं म्हणजे बरं होणं नव्हे.

सोमवार, ८ फेब्रुवारी.
गोदामातला जुना कॉम्प्युटर साहेब भंगारात काढणार होते. मी मागितला. मी त्यावरच चार वर्षं लेबलं टाइप केली आहेत, त्याची सवय मला आहे. साहेब म्हणाले, ने बाबा, तेवढीच जागा मोकळी.
पॅकिंगवाल्या उंटाने एक फ्लॉपी दिली. (उंट म्हणजे आमच्याकडचा सर्वांत उंच माणूस. शिडी न लावता वरच्या फळीवर खोकी ठेवतो आणि त्याचा त्याला गर्व आहे.) म्हणाला, गेम आहे, व्हॉलीबॉल. घरी बसून पेशंटकडे बघत काय करशील, खेळ जरा.
व्हॉलीबॉल! उंटाला कुठून माहीत असणार, पण बाबा तरुणपणी वर्कशॉपच्या टीममध्ये होते. त्यांना तोफ म्हणायचे. नेटपलीकडचे लोक त्यांचा हात वर गेला की मागे सरायचे. मला लगेच सुचलं. कसं सुचलं ते मलाच कळत नाही. शाळा नववीत सुटली, पण डोकं सुटलेलं नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी.
व्यायामाला गेलो नाही. कॉम्प्युटर जोडायचा होता.
खेळ असा आहे. काळी पाटी, मधोमध पांढरी काठी, ते नेट. दोन्ही बाजूंना एकेक अर्धा गोळा, पालथ्या वाटीसारखा, त्याला दोन डोळे. डावा हिरवा, उजवा लाल. हात नाहीत. चेंडू डोक्याने उडवायचा. तीन टोल्यांत पलीकडे गेला पाहिजे, आपल्या बाजूला जमिनीला टेकला की गेला. भिंतींवर आपटून परत येतो, म्हणजे बाहेर जाण्याची भानगड नाही. फार उंच गेला तर दिसत नाही, फक्त वर एक छोटा बाण सरकत राहतो, त्याखाली उभं राहून वाट बघायची. पंधरा पॉइंट झाले की पीं असा आवाज.
डाव्या गोळ्याला तीन अक्षरांची बटणं, उजव्याला तीन बाणांची: मागे, पुढे, उडी. फ्लॉपीत सूचनांची दोन पानं इंग्रजीत आहेत. बटणं कुठली एवढं लावून घेतलं. पुढचं इंग्रजी अवघड आहे आणि अनावश्यकही.
संकल्प: (१) रोज सहा ते सात बाबांनी उजव्या हाताने खेळायचं. (२) प्रत्येक स्कोअर लिहायचा. (३) वीस एप्रिलला वही बाईंसमोर ठेवायची, काही न बोलता.

बुधवार, १० फेब्रुवारी.
पहिला सामना. बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांचा हात बाणांवर ठेवला. मी १५, बाबा ०. त्यांचा गोळा नेटला जाऊन चिकटला आणि तिथेच थरथरत राहिला. चेंडू मागे पडत होता. सुरुवात म्हणून ठीक.
विचारलं, आवडलं का? म्हणाले, हो.

रविवार, १४ फेब्रुवारी.
१५–०, १५–०, १५–१. तो एक माझ्या चुकीने.
ताई आली. दारातूनच म्हणाली की मंगळवारी गेला नाहीत, शुक्रवारी गेला नाहीत, हे काय चाललंय? मी म्हणालो, तीन जिने उतरायचे, रिक्षा, अर्ध्या दिवसाची रजा, आणि बाबांना तिथे त्रास होतो. ताई म्हणाली, त्रास बाबांना होतो की तुला? ताईचा स्वभाव लहानपणापासून टोचून बोलण्याचा आहे.
मी तिला शांतपणे खेळ दाखवला. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, यांना तर हातसुद्धा नाहीत रे.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०.
आजचा दिवस अधोरेखित.
माझ्या लक्षात आलं की बाबांचा हात जड पडतो, एकच बटण दाबलेलं राहतं, म्हणून गोळा नेटला चिकटतो. दोष हाताचा नाही, मांडणीचा. मी टॉवेलची चार पदरी घडी केली आणि मनगटाखाली ठेवली. बोटं आता बटणांवर अलगद टेकतात, दाबत नाहीत.
थोडा वेळ गोळा नुसता उभा होता. एक पॉइंट गेला. मग तो हलला. मागे सरकला, चेंडूखाली आला, उडी मारली. १५–९!
नऊ पॉइंट. जो माणूस चमचा धरू शकत नाही त्याने. मी उठून आईला आत जाऊन सांगितलं. आई म्हणाली, पण त्यांची बोटं हलताना मला दिसली नाहीत रे. मी समजावलं की कॉम्प्युटरला अगदी हलका स्पर्श पुरतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका. आई म्हणाली, असेल बाई, मला त्यातलं काय कळतंय.

मंगळवार, २३ फेब्रुवारी.
हॉस्पिटलला फोन करून कळवलं की आम्ही घरीच आधुनिक पद्धतीने करत आहोत. फोन शिपायाने घेतला. म्हणाला, सांगतो. नाव विचारलं नाही.
१५–११.

मंगळवार, २ मार्च.
१५–८, १५–१२, १५–१०. चढउतार असणारच.
बाबांच्या खेळात एक शिस्त आहे. सर्व्हिसला नेहमी त्याच जागी उभे. पहिला टोला वर, दुसरा वर, तिसरा नेटवरून. घाई नाही, चिडणं नाही. माणूस बोलू शकत नाही, पण त्याचा स्वभाव चेंडूत उतरतो. जुने लोक असे.
एकच अडचण. बाबा डावा हात मध्ये आणतात. सारखा टेबलाकडे नेतात. मी सांगितलं, बाबा, डाव्याने नाही, हे चीटिंग आहे. म्हणाले हो, आणि परत नेला.

शुक्रवार, ५ मार्च.
डावा हात खुर्चीच्या दांड्याला मऊ कापडाने सैल बांधला. फक्त सहा ते सात. उजव्याला काम करायला लावायचं असेल तर डाव्याला सुट्टी द्यायला हवी, हा साधा हिशोब आहे. गाठ इतकी सैल की बोट जाईल. मी घालून बघितलं.
आईने येऊन सोडली. मी परत बांधली. आई म्हणाली, तुझ्या बापाने तुला कधी असं बांधलं होतं का रे? मी सर्व्हिस केली. वाद घातला की खेळाची लय बिघडते.
गोदामात 'नाजुक माल' हे लेबल गेल्या महिन्यात कोणीतरी चुकीचं छापलं आहे, दोनशे खोक्यांवर. जू दीर्घ हवा. जेवणाच्या सुट्टीत पेनने सगळी दुरुस्त केली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं असतं. एक वेलांटी चुकली की ते अख्खा बोर्ड पुसून परत रंगवायचे, आणि दुकानदाराला म्हणायचे, तुम्हाला चालेल हो, मला रोज इथून जायचंय.

शुक्रवार, १२ मार्च. संध्याकाळी ६.५०.
हरलो! बाबा १५, मी १३.
आयुष्यात एवढ्या आनंदाने कधी हरलो नव्हतो. शेवटच्या पॉइंटला चेंडू वर दिसेनासा झाला, बाण सरकत होता, मी खाली उभा, आणि तो आला तो थेट नेटच्या टोकावर. तिथे क्षणभर थांबला आणि माझ्या बाजूला घरंगळला. पीं.
बाबांकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. मीही रडलो. गाठ सोडली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा गाल धरला, चांगलाच घट्ट, आणि माझं तोंड त्यांच्या उजव्या हाताकडे वळवलं. हो, हो, हो, म्हणाले. तीनदा. त्या हाताचा त्यांना किती अभिमान वाटत असेल.

रविवार, २१ मार्च.
ताईशी भांडण. तिने बाबांची बोटं उघडायचा प्रयत्न केला, बाबा कळवळले, ती म्हणाली बघ, वळायला लागली आहेत. मी वही दाखवली. एकोणचाळीस दिवस, अठ्ठ्याऐंशी सामने, एकही खाडाखोड नाही. ताई म्हणाली, तुला खेळायचंय, बाबांना नाही. बाबांना विचारलं, बाबा, घरीच खेळायचं ना? बाबा म्हणाले, हो. ताईने विचारलं, हॉस्पिटलला जायचं ना? बाबा म्हणाले, हो. ताई म्हणाली, घ्या.
मी म्हणालो, ताई, तू शिलाईतली, मी टेक्निकल बाजूला असतो. ती एवढी हसली की तिला खोकला आला. मग बराच वेळ तशीच बसली, तोंडाला पदर लावून.

शनिवार, ३ एप्रिल.
महत्त्वाची प्रगती. बोटं आता सारखी आत वळलेली राहतात. म्हणजे पकड येत आहे. इतके दिवस हात सैल लोंबायचा, त्यात जीव नव्हता. आता आहे.
खात्री करायला बाबांचा तीन नंबरचा ब्रश मुठीत घातला. पडला नाही. मी हात हलवून बघितला, तरी पडला नाही! बाबा ब्रशकडे बघत होते. मग भिंतीकडे बघायला लागले.
ब्रश काढायला मात्र वेळ लागला. आई साबणाचं पाणी घेऊन आली. तळहातावर चार लहान चंद्रकोरी दिसल्या, लालसर. नखं वाढली होती. संकल्प: दर शनिवारी नखं कापणे.

मंगळवार, २० एप्रिल.
तीन महिने पूर्ण.
आजचे सामने: १३–१५, १५–१२, ११–१५. तीनपैकी दोन बाबांचे. मी थोडं सोडून खेळतो हे खरं, पण फार नाही.
वहीला कव्हर घातलं. पहिल्या पानावर शीर्षक लिहिलं, 'उजव्या हाताची प्रगती', बाबांच्या वळणाचं अक्षर काढायचा प्रयत्न केला. आज हॉस्पिटलला जायचं ठरलं होतं, पण कव्हर घालण्यात नऊ वाजून गेले.

रविवार, २५ एप्रिल.
ताईने जाहीर केलं की मंगळवारी ती स्वतः बाबांना घेऊन जाणार, आणि मी आडवा आलो तर मला जिन्यावरून खाली ढकलणार. मी म्हणालो, जरूर जा, वही घेऊन जा. ती म्हणाली, वही तुझ्या उशाखाली ठेव.
बाईंना वही दिसायला हवी होती. असो. हात बघितला की कळेलच.

मंगळवार, २७ एप्रिल. दुपारी १२.
रजा घेतली होती. ताई आणि बाबा साडेनऊला गेले. तीन जिने उतरायला वीस मिनिटं. मी वरून बघत होतो. मदतीला गेलो असतो, पण ताईने बोलावलं नाही.
वेळ जाईना म्हणून कॉम्प्युटर लावला. सवयीने टॉवेलची घडीही ठेवली. म्हटलं, एकट्याने सर्व्हिसचा सराव करू.
सर्व्हिस केली. चेंडू पलीकडे गेला आणि पडला. दुसरी केली. तीही पडली. तिसरीला लाल गोळा मागे सरकला, चेंडूखाली आला आणि उडी मारली.
मी बाजूच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत कोणी नव्हतं.
पहिला टोला वर, दुसरा वर, तिसरा नेटवरून.
१५–११.

दुपारी १.
परत तीनदा खेळून बघितलं. टॉवेल काढून, टॉवेल ठेवून, खुर्ची भिंतीकडे फिरवून. १५–१२, १३–१५, १५–९. त्याला काही फरक पडत नाही.
खाली दुकानातून गोदामात फोन लावला. उंटाला विचारलं. म्हणाला, अरे, ते लिहिलंय ना सूचनांत, दहा सेकंद कोणी बटण दाबलं नाही तर त्या बाजूने कॉम्प्युटरच खेळतो. एकट्या माणसाला जोडीदार नको का? म्हणून तर दिली तुला. मग म्हणाला, का रे, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, लेबलाचं विचारायचं होतं.
वही काढली. १९ फेब्रुवारीपासूनचे सगळे स्कोअर एका ओळीत मांडले. उजवीकडचा खेळाडू पहिल्या दिवशी जेवढा चांगला होता तेवढाच आजही आहे. मी थोडा वाईट झालो आहे.

दुपारी ३.
ते आले. बाबांच्या मुठीत बँडेजचा गुंडाळा घातला आहे, नखं रुतू नयेत म्हणून. ताई पायऱ्यांवरच बसली. म्हणाली, बाई म्हणाल्या की आता पूर्ण उघडणार नाही. जेवढी आहे तेवढी राहावी म्हणून यायचं, ब्रशबिश विसरा. फेब्रुवारीत आला असतात तर, म्हणाल्या, आणि मग वाक्य सोडून दिलं. त्यांनी विचारलं, घरी व्यायाम कोण करून घेत होतं?
मी विचारलं, तू काय सांगितलंस?
ताई म्हणाली, सांगितलं, माझा भाऊ. रोज. एक दिवस चुकला नाही.
ती हे टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, २८ एप्रिल. संध्याकाळी ६.
सहा वाजले. बाबा आपणहून खुर्चीत येऊन बसले. सवय झाली आहे. हात दांड्यावर ठेवला, बांधायच्या जागी.
मी बांधला नाही. कॉम्प्युटर चालूच होता, दुपारपासून, मी काही बघत होतो त्यात. पंधरा पॉइंट होऊन दोन्ही गोळे उभे.
बाबांनी डावा हात उचलला. टेबलावरून हळूहळू पुढे नेला, बाणांच्या पलीकडे, टॉवेलच्या पलीकडे, कॉम्प्युटरच्या कडेपर्यंत. इतके दिवस कुठे न्यायचा होता ते मला आज कळलं. मोठं बटण दाबलं. स्क्रीन मिटला.
मी विचारलं, बाबा, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं का?
हो, म्हणाले.
याचा अर्थ काहीही असू शकतो.
आईने स्वयंपाकघरातून विचारलं की शुक्रवारी ताईला जमणार नाही, तू नेशील का? नक्की? मी म्हणालो, हो.

शुक्रवार, ३० एप्रिल. सकाळी १०.४०.
हॉस्पिटल. व्यायाम विभागाबाहेर, बाकावर बसून लिहीत आहे.
वही आणली होती, पण पिशवीतून काढली नाही. बाईंनी मला ओळखलं. फक्त, कोपर धरा, म्हणाल्या. मी धरलं. त्यांनी गुंडाळा काढला आणि बोटं उघडायला घेतली. बाबा माझ्याकडे बघत ओरडले. हो, हो, हो.
तीसपर्यंत मोजायचं होतं. मी अकरापर्यंत मोजलं, आणि मला तहान लागली.
पॅसेजमधल्या नळाला आज पाणी नाही. तोटी दोनदा फिरवून बघितली. आतून आवाज येतो आहे, आणि बाई एकट्याच मोजत आहेत.